मॅडमची गच्ची नेमकी कुठं?

बेबीनंदा खरात मॅडमचं या जगात उघड वैर एकाशीच होतं, आणि तो माणूस नव्हता, खांब होता. तीर्थपुरीच्या चौकात दोन वर्षांपूर्वी हायमास्ट उभा राहिला. गावानं फटाके उडवले, पेढे वाटले. मॅडमनी मात्र गच्चीवर उभं राहून त्या खांबाकडं बघत कडाकडा बोटं मोडली. "मुडदा बशिवला तुझा! अख्खं आभाळ खाल्लंस की रे!"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. चौकात उजेड पडावा म्हणून लावलेले ते सहा दिवे चौकाला कमी आणि मॅडमच्या दुर्बिणीला जास्त उजेड द्यायचे. ही आठ इंची दुर्बीण गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली असायची. गावाला ती काय आहे हे सात-आठ वर्षं कळलं नव्हतं. काहींना तो सोलर वाटायचा.

मॅडमचं वय एक्कावन्न. जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवायच्या. माहेर केदारखेडा, तिकडं वर भोकरदन तालुक्यात. लग्न होऊन तीर्थपुरीत आल्या त्याला सत्तावीस वर्षं झाली. नवरा धम्मपाल जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. स्वभाव असा थंड, की बिथरलेला बैलसुद्धा त्याच्याकडं बघून गप उभा राहायचा. एकुलती मुलगी अक्षता पुण्याला नोकरी करायची. तेव्हा घरात माणसं दोन आणि तक्रारी दोनशे, त्यातल्या एकशे नव्व्याण्णव मॅडमच्या. तीर्थपुरीचं पाणी जड, तीर्थपुरीची ज्वारी पोचट, तीर्थपुरीची माणसं वाकडी. "आमच्या केदारखेड्याला असं न्हाई," हे वाक्य दिवसातून एकदा तरी यायचंच. धम्मपाल "हं" म्हणायचा आणि भाकरी मोडायचा.

हा आभाळाचा नाद लागला अकरा वर्षांपूर्वी, जालन्याच्या एका प्रशिक्षणात. परदेशातल्या मोठ्या दुर्बिणींनी काढलेले फोटो शाळांना मिळतात. एकाच जागेचे चार फोटो, थोड्या थोड्या वेळानं काढलेले. ते लॅपटॉपवर भरभर पुढं-मागं करायचे. तारे जागच्या जागी राहतात, आणि एखादा ठिपका सरकला तर तो लघुग्रह. धम्मपाल त्यांना धोंडे म्हणायचा. मॅडमनी असे कितीतरी ठिपके शोधले, प्रमाणपत्रं मिळवली, शाळेच्या भिंतीवर लावली. पण ते सगळं दुसऱ्याच्या डोळ्यानं बघितलेलं. त्यांना आपल्या गच्चीवरून, आपल्या दुर्बिणीतून, पृथ्वीच्या जवळून जाणारे धोंडे मोजायचे होते.

मोजायला कुणाची ना नव्हती. पण मोजलेलं कुणी खरं मानायला हवं ना! जगभरातल्या अशा नोंदी अमेरिकेतल्या एका केंद्रात जमा होतात, आणि ज्या जागेला तिथला तीन अक्षरांचा क्रमांक मिळालेला नाही, तिथली नोंद कुणी विचारात घेत नाही. क्रमांक पाहिजे असेल तर परीक्षा द्या. चार दूरचे लघुग्रह मोजून दाखवा, एक जवळून जाणारा मोजून दाखवा, सगळे बरोबर निघाले तर तुमची गच्ची खरी. तीन अक्षरं. मॅडमना आयुष्यात अजून काही नको होतं, असं त्या म्हणायच्या. तेही पूर्ण खरं नव्हतं, त्यांना तो हायमास्टही पडलेला पाहिजे होता.

दूरचे चार हिवाळ्यात झाले. जवळचा मार्चमध्ये येणार होता. चंद्रापेक्षा दहापट लांबून जाणार होता, पण आभाळाच्या हिशेबात हे म्हणजे अंगणातून जाणं. मॅडमच्या दुर्बिणीला तो दिसेल अशा रात्री मोजून तीन. तो हुकला, की असा दुसरा उजळ धोंडा कधी येईल सांगता येत नाही, आणि जून लागला की ढग.

आणि याच मार्चमध्ये मॅडमच्या गळ्यात मतदार याद्यांचं काम. शाळा सुटली की यादी काखेत मारून दारोदार फिरायचं. कोण मेलं, कोण आलं, कोण गेलं. मेलेल्यांचा त्रास नव्हता. त्रास होता लग्न होऊन आलेल्या सुनांचा. शेजारच्या तुळजाबाईंची सून मोनाली, लग्नाला दोन वर्षं झालेली, नाव अजून माहेरी परतूरच्या यादीत. मॅडमनी पत्ता बदलायचा आठ नंबरचा फॉर्म तिला तीनदा दिला, तीनदा तो घरात हरवला.

चौथ्यांदा मॅडमचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू गेला. "अगं, राहती कुठं तू? जेवती कुठं? झोपती कुठं? मंग नाव तिकडं काहून? सरकारला काय कळावं तू कुठं हायस ते!"

मोनाली पदराशी चाळा करत हळूच म्हणाली, "मॅडम, तिकडं नाव असलं की मतदानाला जायला भेटतं. दोन दिवस."

"वा गं वा! माहेरी जायला मतदान लागतं का तुला? शिकलेली ना तू? जिथं उभी हायस तिथं नाव पाहिजे. सरळ गोष्ट हाय. उद्या फॉर्म भरून ठेव." आणि मॅडम पुढच्या दाराला गेल्या.

गच्चीवर त्यांच्या जोडीला होता पारस. गौतमचंद शेठ यांचा मुलगा, वय चाळीस, चौकात पाईप आणि मोटारपंपाचं दुकान. यंत्रांचं त्याला जन्मजात वेड. उपग्रहाशी वेळ जुळवून घेणारं एक घड्याळ त्यानं स्वतः जोडून बनवलं होतं, कारण फोटो नेमका कोणत्या क्षणी काढला हे सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत ठाऊक असावं लागतं. पारस दिवस मावळायच्या आत जेवून यायचा आणि मग गच्चीवर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. हे ठाऊक असून मॅडम दर वेळी विचारायच्या, "चहा?" तो दर वेळी म्हणायचा, "न्हाई मॅडम, दिवस बुडला." आणि त्या दर वेळी चिडायच्या. राग चढला की "पारसभाऊ"चा "पारसशेठ" व्हायचा.

तीन रात्रींसाठी हायमास्ट बंद पाहिजे होता, आठ ते नऊ. ग्रामपंचायतीची दिवाबत्ती बघणाऱ्या कचरूला मॅडमनी आठ दिवस आधी गाठलं. "तासाभराची गोष्ट हाय कचरू. लक्षात राहील ना?"

"बिलकुल, मॅडम. टेन्शनच घेऊ नका."

पहिल्या रात्री कचरू विसरला. मॅडमनी काळं कापड धरून, दुर्बिणीवर वाकून, शिव्या देत देत फोटो काढले. दुसऱ्या रात्री त्यानं न विसरता बटण दाबलं, पण भलतंच. हायमास्ट लख्ख चालू आणि अख्खी गल्ली अंधारात. पाच मिनिटांत मॅडमच्या ओट्यावर पंधरा-वीस माणसं.

"मॅडम, पडणार हाय का तो?"

"कोण?"

"तो धोंडा. म्हणूनच लाईट घालवली ना?"

"अरे, तो चाळीस लाख किलोमीटरवरून चाललाय! चाळीस लाख! तीर्थपुरीत पडायला त्याला काय रस्ता चुकलाय?"

कुणाचं समाधान झालं नाही. तुळजाबाई तर तेवढ्यात शिडी लावून आपल्या पत्र्यावर वाळत घातलेले पापड खाली काढून राहिल्या होत्या. "न्हाई पडला तर चांगलंच हाय," त्या वरून म्हणाल्या, "पण आमच्या पापडावर पडला तर कोणाला सांगायचं?" मॅडमनी कपाळावर हात मारला. गच्चीवर पारस हसून राहिला होता, तेव्हा त्यालाही एक दम मिळाला, आणि पुन्हा काळं कापड धरूनच फोटो निघाले.

तिसऱ्या रात्री मात्र सगळं जमलं. चौक काळा झाला, आभाळ उघडलं, आणि लॅपटॉपवर तो ठिपका ताऱ्यांमधून टुकूटुकू चालताना दिसला. पहिल्यापासून शेवटपर्यंत एक फोटो वाया गेला नाही. मॅडम नुसत्या बघत राहिल्या. पारसनं सांगितलं, "मॅडम, झालं." त्यांनी मान हलवली. त्या रात्री त्यांनी चहासुद्धा विचारला नाही.

अर्ज गेला. बारा दिवसांनी उत्तर आलं. शाळेत, मधल्या सुट्टीत, खिचडीचं ताट हातात असताना मॅडमनी ते मोबाईलवर वाचलं. दूरचे चारही उत्तम. जवळचा चुकला. ठिपका जिथं असायला हवा तिथून चार सेकंद बाजूला. हे कोनाचे सेकंद, घड्याळाचे नव्हेत. अर्ध्या किलोमीटरवर कुणी करंगळीचं नख दाखवलं तर ते जेवढं दिसेल, तेवढी चूक. चूक सापडली तर महिनाअखेर दुरुस्त करून पाठवा, नाहीतर नव्यानं अर्ज करा.

नव्यानं! धोंडा निघून गेलेला. मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाळा सुटली तशा त्या घरी न जाता थेट पारसच्या दुकानात.

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. गल्ल्यावर गौतमचंद शेठ बसले होते, पांढरा सदरा, सत्तरी गाठलेली. मॅडमनी मोबाईल काउंटरवर आपटला. "घ्या पारसशेठ, वाचा! धोंडा घड्याळाच्या एका सेकंदाला कोनाचा अर्धा सेकंद सरकतो. चूक चारची हाय. म्हणजे आठ सेकंद! आठ सेकंद तुमचं घड्याळ चुकीचं चालून राह्यलं!"

पारसनं वाचलं. "घड्याळ बराबर हाय, मॅडम. मी रोज तपासून राह्यल्तो."

"बराबर?" मॅडमचा तोल गेला तो इथं. "तुमच्या दुकानातल्या टेपासारखंच बराबर असंल! मोजताना एक आन् घरी नेऊन बघितलं तर दुसरं!"

गिऱ्हाइकांपैकी एक जण उगीचच नळाची तोटी फिरवत राहिला. गौतमचंद शेठनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. पारसचा चेहरा लाल झाला, पण तो एवढंच म्हणाला, "मॅडम, गिऱ्हाईक हाय. नंतर बोलू." मॅडम बाहेर पडल्या. चौक ओलांडायच्या आतच त्यांना कळलं होतं, की हे बोलायला नको होतं. पण मागं वळतील तर त्या बेबीनंदा कसल्या!

पारस गच्चीवर यायचा बंद झाला. मॅडम एकट्याच लॅपटॉपपुढं बसून डोकं फोडत राहिल्या. पुन्हा मोजलं, तीच चूक. सगळे तारे बदलून मोजलं, तीच चूक. धम्मपालनं "जाऊ दे आता" म्हटलं, तर त्याच्यावर ताट आपटलं. महिना संपायला पाच दिवस उरले.

त्यातल्या चौथ्या दिवशी सकाळी पारसचा मेसेज आला. नमस्कार नाही, काही नाही. "घड्याळ चुकलं असतं तर ठिपका त्याच्या वाटेवरच मागंपुढं दिसला असता. आपला धोंडा पश्चिमेकडून पूर्वेला चालला होता आणि चूक उत्तरेकडं हाय. तिन्ही रात्री उत्तरेकडंच. वेळेची चूक न्हाई ही."

मॅडमनी तो तीनदा वाचला. त्यांना खूप राग आला, कारण ते बरोबर होतं. आकृती काढून बघितली तरी बरोबर होतं. सातवीच्या पोराला कळावं एवढं सोपं होतं, आणि अकरा वर्षं आभाळ मोजणाऱ्या बाईला पंधरा दिवस दिसलं नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यांनी अर्जाचा कागद छापून आणला आणि जेवताना ताटाशेजारी ठेवून ओळ न ओळ वाचायला सुरुवात केली. दुर्बीण, बरोबर. कॅमेरा, बरोबर. धम्मपाल भाकरी खाता खाता वाकून बघत होता. त्याला त्यातलं फक्त एकच कळायचं. गाई-म्हशींच्या कानात बिल्ला मारला की मोबाईलवर त्या जागेचे अक्षांश-रेखांश टाकावे लागतात. दिवसाला तीस-चाळीस जनावरांचं तेच काम.

"ही वीसवाली कोणाची हाय?" त्यानं बोट ठेवलं.

"कोणती?"

"ही. वीस अंश. आपल्या दवाखान्याची समदी जनावरं एकोणीसमधी येतेत. वीस आलं की ॲप लाल होतं. वीस म्हंजे तिकडं जालन्याच्या वर." त्यानं घास चावला. "तिकडं तुमच्या भोकरदनकडं."

मॅडमचा हात ताटातच थांबला.

दुर्बीण आणली ती दिवाळीच्या सुट्टीत. पहिली रात्र काढली ती भाऊ संघपालच्या स्लॅबवर, केदारखेड्याला, कारण तिथं अंधार चांगला. लॅपटॉपमध्ये जागा भरायची होती, ती तिथली भरली. मग दुर्बीण तीर्थपुरीला आली, गच्चीवर चढली, सात-आठ वर्षं तिथं राहिली, आणि ती ओळ तशीच. अर्ज भरताना मॅडमनी लॅपटॉपमधला आकडा बघून जसाच्या तसा उतरवला होता. पारसचं घड्याळ त्यांनी शंभर वेळा तपासलं असेल. ही ओळ एकदाही नाही. ती चुकीची असू शकते, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"मंग दूरचे चार कसे बरोबर आले?" धम्मपालनं विचारलं.

मॅडमनी अंगठा डोळ्यांपुढं धरला. एक डोळा मिटला, मग दुसरा. अंगठा भिंतीवर इकडून तिकडं सरकला. हे त्या दर वर्षी वर्गात करून दाखवायच्या. जवळची वस्तू जागा बदलली की सरकते. लांबचा डोंगर सरकत नाही. लांबच्या चार धोंड्यांना केदारखेडा काय आणि तीर्थपुरी काय, सारखंच. पाऊणशे किलोमीटर त्यांच्या खिजगणतीत नाही. जवळून गेला त्यालाच फरक पडला.

धम्मपाल पाणी प्यायला. त्याच्या आवाजात ना टोमणा होता ना राग, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. "सत्तावीस वर्षं झाली, नंदा. मला वाटलं, एव्हाना आली असशील तू इकडं."

मॅडम उठून स्वयंपाकघरात गेल्या. भांडी घासून झालेली होती, तरी त्यांनी ती परत घासली. बऱ्याच वेळानं डोळे पुसून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बोलायचं ना आधी!"

"काय बोलायचं?"

मॅडमनी ताटाशेजारचा कागद उचलला आणि त्या ओळीखाली रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर, दिवस मावळायच्या बराच आधी, त्या दुकानात गेल्या. मुद्दाम गिऱ्हाईक असताना गेल्या. ज्या माणसांपुढं बोलल्या होत्या त्यातली दोन तरी तिथं असावीत, अशी त्यांची इच्छा होती, पण ती नव्हती. गौतमचंद शेठ होते.

"शेठजी, त्या दिवशी मी इथं उभं राहून वाईट बोलले. तुमच्या दुकानाला बोलले. चूक माझी होती. घड्याळ बराबर होतं, टेपही बराबर हाय. माझीच जागा चुकली होती, तीर्थपुरीच्या जागी माहेरचं केदारखेडा भरलं होतं." मग पारसकडं बघून, "पारसभाऊ, माफ करा."

गौतमचंद शेठ म्हणाले, "बाई, आमचे वडील या गावात आले, तेव्हापासून गाव विचारतंय, तुमचं गाव कोणतं. आम्ही म्हणतो तीर्थपुरी. लोक म्हणतात, न्हाई, खरं गाव कोणतं." ते हसले. "तुमचं तर उलटंच निघालं. पारस, जा. उजेड हाय तोवर बघून ये."

पारस मोबाईल घेऊन गच्चीवर आला. टाकीशेजारी दुर्बीण जिथं उभी असते, बरोबर तिथं उभा राहिला, दहा मिनिटं हलला नाही, आणि आकडे सांगितले. मॅडमनी लिहिले. एकोणीस अंश आणि पुढं सगळं. त्यांनी ते लॅपटॉपमध्ये भरलं, गणित परत चालवलं. चारची चूक गेली. राहिली ती एवढीशी, की केंद्र तिला चूकच म्हणत नाही. मोजलेलं सगळं पहिल्यापासून बरोबर होतं. एकही फोटो बदलावा लागला नाही. बदलली ती एकच ओळ.

"मॅडम, तीन रात्री कचरूच्या पाया पडलो त्या वाया न्हाई गेल्या म्हणायच्या," पारस म्हणाला.

"चहा?" मॅडमनी विचारलं.

त्यानं पश्चिमेकडं बघितलं. सूर्य अजून लिंबाच्या वर होता. "टाका. जल्दी टाका."

दुरुस्त अर्ज त्याच रात्री गेला. आठ दिवसांनी क्रमांक आला. तीन अक्षरं, आणि पुढं जागेचं नाव: तीर्थपुरी. मॅडमनी केदारखेड्याला फोन लावला. संघपाल आनंदानं ओरडला आणि मग विचारलं, "म्हंजे आता आपल्या स्लॅबचं नाव न्हाई राह्यलं का तिथं?"

"न्हाई राह्यलं, दादा."

"मंग दिवाळीला तशीच ये," तो म्हणाला. "दुर्बीण न्हाई आणली तरी ये."

संध्याकाळी यादीचं काम राहिलंच होतं. मॅडम शेजारी गेल्या. पत्र्यावर नव्या पापडांची रांग लागली होती. दारात मोनालीनं त्यांना बघितलं आणि घाबरून आत पळाली. बाहेर आली ती आठ नंबरचा फॉर्म घेऊनच. भरलेला, सही केलेला. डोळे लाल.

मॅडमनी फॉर्म घेतला. चष्मा लावून सगळा वाचला. परतूरचा पत्ता खोडलेला होता, खाली तीर्थपुरीचा लिहिला होता. अक्षर सुबक होतं.

"आज ओरडल्या न्हाईत मॅडम," मोनाली म्हणाली.

"कोणत्या तोंडानं ओरडू, पोरी," मॅडम म्हणाल्या. मग आत तोंड करून आवाज चढवला, "तुळजाबाई! ही परवा शनिवारी परतूरला चालली. दोन दिवस राहणार. मतदान न्हाई, काही न्हाई, नुसतीच. समजलं का?"

आतून तुळजाबाईंनी "कशाला" असं काहीतरी विचारलं. मॅडमनी ते ऐकलं नाही. यादी काखेत मारून त्या पुढच्या दाराला निघाल्या. चौकात हायमास्ट लागला, तशा जाता जाता त्याला एक शिवी देऊन गेल्या.